कारकुनाची नजर

(ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या वास्तूत आपल्या आधीच्या तीन पिढ्यांनी दिव्याखाली बसून पुस्तके वाचली, तिच्या शताब्दीच्या प्रसंगी चार शब्द बोलण्याची संधी मिळावी, हा मी माझा बहुमान समजतो. व्याख्यानासाठी विषय निवडण्याचे स्वातंत्र्य कार्यकारिणीने मला दिले. मराठीच्या प्राध्यापकाकडून अशा वेळी संतवाङ्मय, नाटक किंवा नवकाव्य यांची अपेक्षा असते. मी मात्र ‘कचेरीत जाणाऱ्या माणसाने पाहिलेले शहर’ हा विषय मागून घेतला. त्याचे कारण या ग्रंथालयातच आहे. ग्रंथालयाच्या भिंती दानशूर व्यापाऱ्यांनी आणि वकील-डॉक्टर मंडळींनी उभ्या केल्या, हे खरेच. परंतु सायंकाळी कचेऱ्या सुटल्यानंतर या दारातून आत येणारा आणि देवघेवीची वही भरून टाकणारा वाचक प्रामुख्याने नोकरदार होता. नगरपालिका, तहसील, टपाल, रेल्वे, शाळा, बँक, लालबागेतील ताप्ती मिलचे कार्यालय अशा ठिकाणी दिवसभर लेखणी झिजवून तो येथे येई. शंभर वर्षे त्याने दुसऱ्यांनी लिहिलेले वाचले. त्याने स्वतः जे पाहिले त्याचे काय झाले, एवढाच प्रश्न आज मला आपल्यापुढे ठेवायचा आहे.

प्रथम ‘कारकून’ या शब्दाकडे पाहू. काम करणारा तो कारकून. शब्द फारसी आहे. दफ्तर, अर्ज, हजेरी, रजा, बदली, रुजू, शेरा, शिपाई हे कचेरीतील आपले रोजचे शब्दही अरबी-फारसीतूनच आले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. त्यांपैकी काही रूढ झाले, पुष्कळसे कोशातच राहिले. कारकून मात्र कारकूनच राहिला. राज्ये बदलली, लिपी मोडीची बाळबोध झाली, बोरूची जागा टाकाने, टाकाची टंकयंत्राने आणि टंकयंत्राची संगणकाने घेतली, तरी सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडणारा आणि संध्याकाळी परतणारा हा माणूस टिकून आहे.

आपले बऱ्हाणपूर तर मुळातच दफ्तरांचे शहर. फारुकी सुलतानांची ही राजधानी. १६०१ साली अकबराने असीरगड घेतल्यानंतर ती खानदेश सुभ्याची राजधानी झाली. १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो शहाजादा परवेझच्या भेटीस येथे आला. त्याच सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये येऊन गेला आणि येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जाते, असे लिहून गेला. शहराचे वर्णन करायचे झाले की आपण या पाहुण्यांचे दाखले देतो. परंतु ते कापड मोजून घेणारा, त्यावरील जकात वहीत मांडणारा, दिवसअखेर बेरीज जुळली नाही म्हणून चिंतेत पडणारा जो माणूस येथेच राहत होता, त्याने हे शहर पाहुण्यापेक्षा नक्कीच अधिक पाहिले असेल. त्याचे म्हणणे आपल्याला कोठे वाचायला मिळते?

सुदैवाने त्या काळातील असा एक माणूस आपल्याला ठाऊक आहे, आणि तो जन्माने बऱ्हाणपूरचाच आहे. त्याचे नाव भीमसेन सक्सेना. १६४९ साली या गावात एका कायस्थ कुटुंबात तो जन्मला. वडील मोगलांच्या तोफखान्याकडे हिशेबाचे काम पाहत. वडिलांच्या नोकरीमुळे भीमसेन लहानपणीच तेव्हाच्या औरंगाबादेस गेला, फारसी शिकला आणि पुढे स्वतःही मोगली चाकरीत कारकुनी पेशातच राहिला. दलपतराव बुंदेल्याच्या पदरी त्याने दीर्घकाळ काम केले. औरंगजेबाच्या दक्षिणेतील मोहिमांबरोबर तो छावणीमागून छावणी फिरला, आणि पाहिलेले सारे त्याने फारसीत लिहून ठेवले. त्याचा ग्रंथ ‘नुस्खा-इ-दिलकुशा’ किंवा ‘तारीख-इ-दिलकुशा’ या नावाने ओळखला जातो.

भीमसेन दरबारी इतिहासकार नव्हता. बादशहाची स्तुती करण्यासाठी त्याला कोणी नेमले नव्हते. म्हणूनच त्याच्या लेखनात दरबारी बखरींत न सापडणाऱ्या गोष्टी येतात. त्याच्या लहानपणीचे धान्याचे भाव येतात, दक्षिणेतील देवळे आणि चालीरीती येतात, पगार वेळेवर न मिळाल्याने हवालदिल झालेले शिपाई आणि सरदार येतात. त्याचे एक निरीक्षण इतिहासाचे अभ्यासक आजही उद्धृत करतात. पुढच्या वर्षी ही जहागीर आपल्या धन्याकडे राहीलच असा भरवसा अंमलदारांना उरलेला नाही, आणि म्हणून ते रयतेला पिळून काढतात, अशा आशयाचे ते आहे. मोगल साम्राज्य का खिळखिळे झाले यावर मोठमोठे ग्रंथ लिहिले गेले आहेत. या कारकुनाने ती गोष्ट बदलीच्या भीतीतून ओळखली. ज्याने स्वतः चाकरीतली अनिश्चितता अनुभवली आहे, त्यालाच ती अशी नेमकी दिसते.

भीमसेनाविषयी आणखी एक गोष्ट आपण बऱ्हाणपूरकरांनी विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. फारसी ही त्याची कचेरीची भाषा होती, घरची नव्हे. दिवसभर एका भाषेत लिहायचे आणि घरी येऊन दुसऱ्या भाषेत जगायचे, ही आपली रोजची स्थिती त्याचीही होती. त्याचा ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचला तोही एका ग्रंथसंग्रहामुळे. ब्रिटिश म्युझियममध्ये त्याचे हस्तलिखित जपले गेले. सर जदुनाथ सरकारांनी त्याच्या मोठ्या भागाचे इंग्रजी भाषांतर केले, आणि वि. गो. खोबरेकरांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख विभागाने ते १९७२ साली मुंबईत प्रसिद्ध केले. बऱ्हाणपूरच्या माणसाचे म्हणणे लंडन आणि मुंबईमार्गे बऱ्हाणपुरास परत आले, असेच म्हणावे लागेल.

आता मराठीकडे वळू. आपले जुने गद्य पुष्कळसे चिटणीस-सभासदांच्या हातचे आहे. पेशवे दफ्तरातील रुमालांत बांधलेली मोडी कागदपत्रे कारकुनांनीच लिहिली, आणि त्यांतून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड गो. स. सरदेसायांनी संपादित केले. ते स्वतः बडोदे सरकारच्या नोकरीत आयुष्याची उमेदीची वर्षे घालवून निवृत्त झालेले गृहस्थ होते. लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात शतपत्रे लिहिली ती सरकारी नोकरीत असतानाच. समाजाच्या खोडी त्यांना दिसल्या, याचे एक कारण कचेरीत बसणाऱ्यापुढे सर्व जातींची, सर्व थरांची माणसे आपली गाऱ्हाणी घेऊन येतात हेही असले पाहिजे.

विसाव्या शतकात या माणसाला विनोदाने हात दिला. चिं. वि. जोशी हे पाली भाषेचे विद्वान, बडोद्यास प्राध्यापक. परंतु मराठी वाचकांनी त्यांना डोक्यावर घेतले ते चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांच्यासाठी. पुढे पु. ल. देशपांड्यांनी ‘असा मी असामी’मध्ये बेन्सन जॉन्सन कंपनीतील धोंडो भिकाजी जोशी उभा केला. या गृहस्थाच्या आयुष्यात सांगण्याजोगे काहीच घडत नाही, आणि तरीही मुंबईतील मध्यमवर्गाची बदलत गेलेली वर्षे त्याच्या घरातील कपडे, लग्नकार्ये, जागा आणि पाहुणे यांच्या वर्णनातून आपल्यासमोर उलगडत जातात. या ग्रंथालयातील या पुस्तकांच्या प्रती किती हातांतून गेल्या असतील, हे त्यांच्या झिजलेल्या पुठ्ठ्यांवरूनच समजते.

मात्र येथे मला एक उणीव जाणवते. चिमणरावाचे शहर पुणे आहे आणि धोंडोपंतांचे मुंबई. चाळ, लोकलगाडी, उपनगरातील ब्लॉक यांचे वर्णन आपण आवडीने वाचले, कारण माणसे आपल्या ओळखीची होती. परंतु रस्ते आपले नव्हते. शनवाऱ्यावरून सायकल रेटत कचेरी गाठणारा, राजघाटावर पुराचे पाणी कुठवर चढले ते पाहून मगच कामावर जाणारा, लालबागेच्या स्टेशनावरून भुसावळ किंवा खंडव्याकडे रोज ‘अप-डाऊन’ करणारा मराठी नोकरदार आपल्या साहित्यात जवळजवळ नाहीच. सीमेवरच्या माणसाची ही अडचण जुनी आहे. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी नागपूर ही राजधानी असलेल्या राज्यात हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि निमाड मध्य प्रदेशात राहिला. घरे हलली नाहीत, कचेऱ्याही हलल्या नाहीत. टेबलावरची भाषा तेवढी एक उरली. त्यात तक्रार करण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही. हिंदीने आपल्याला पोसले आहे. परंतु त्यामुळे येथील नोकरदाराला जे ऐकू येते ते पुण्या-मुंबईच्या नोकरदाराला कधीच ऐकू येणार नाही, हे मात्र खरे.

उदाहरणार्थ शब्दच घ्या. गाडीने आपण रावेरला उतरलो की पटवाऱ्याचा तलाठी होतो, खसऱ्याचा सातबारा होतो, छुट्टीची रजा होते, तबादल्याची बदली होते आणि सरकारी कागदावरील ‘भृत्य’ पुन्हा शिपाई होतो. आवक-जावक मात्र दोन्हीकडे आवक-जावकच. पॅसेंजर गाडीच्या एकाच डब्यात निमाडी, उर्दू, हिंदी, मराठी, खानदेशी बोली आणि गुजराती यांचे संभाषण चालू असते, आणि नेहमीचा प्रवासी कोणाशी कोणत्या भाषेत बोलायचे हे चेहरा पाहून ठरवतो. हे ज्ञान कोणत्याही व्याकरणात नाही. ते त्या प्रवाशाच्या कानात आहे.

अशी आणखी काही निरीक्षणे मी गेल्या काही वर्षांत या ग्रंथालयातील ज्येष्ठ सभासदांकडून ऐकली. ती मला मोलाची वाटतात, म्हणून त्यांची नावे न घेता सांगतो.

एका निवृत्त बँक कर्मचाऱ्यांनी सांगितले, की त्यांनी नोकरीला सुरुवात केली तेव्हा पैसे काढण्याच्या चिठ्ठीवर अंगठ्यांची रांग लागे. पुढे अंगठ्याशेजारी मुलाची सही साक्षीदार म्हणून येऊ लागली. मग अंगठा नाहीसा झाला, आणि काही वर्षांनी सुनांच्या, मुलींच्या सह्या दिसू लागल्या. साक्षरता वाढली हे त्यांनी अहवालात वाचले नाही; त्यांनी ते खिडकीतून पाहिले. याच गृहस्थांनी पुढे हसत सांगितले, की निवृत्तीच्या आधी कचेरीत हजेरीचे यंत्र बसले आणि पदवीधर साहेबांपासून शिपायापर्यंत सर्वांना रोज अंगठा टेकवावा लागला. शाईचा डाग तेवढा गेला!

दुसरे एक सभासद टपाल खात्यात होते. सणावारांच्या आधी कोणत्या मोहल्ल्यातून कोणत्या मुलखाकडे मनीऑर्डरी जातात, यावरून मागावर काम करणारे कारागीर कोठून आले आहेत ते त्यांना समजे. तार वाटण्याचे काम त्यांच्या नजरेसमोर होई. तार आली की पत्ता वाचण्याआधीच घरातील माणसे दाराशी गोळा होत, आणि आनंदाची तार घेऊन जाणाऱ्यालाही आधी रडणे ऐकावे लागे. जुलै २०१३ मध्ये देशातील तारसेवा बंद झाली. ज्या सेवेने इतकी वर्षे लोकांच्या काळजाचा ठोका चुकवला, तिची ही बाजू खात्याच्या कागदांत कोठेही नोंदलेली नसणार.

तिसरे निरीक्षण एका शिक्षिका भगिनींचे आहे. त्या म्हणाल्या, “पुरुष एकदा कामावर जातो आणि एकदा परत येतो. मी शहर दिवसातून चार वेळा ओलांडते. सकाळी मुलांच्या डब्यासाठी, मग शाळेसाठी, मग भाजीसाठी, आणि शेवटी सासूबाईंच्या औषधासाठी.” पाण्याचा नळ कोणत्या गल्लीत किती वाजता येतो, वीज गेल्यामुळे माग थांबले की मोहल्ला कसा एकाएकी नि:शब्द होतो आणि त्या शांततेतच दुपारी झोपलेली मुले जागी कशी होतात, हे त्यांनी ज्या बारकाईने सांगितले तसे आमच्यापैकी कोणाही पुरुषाला सांगता आले नसते. नोकरदार स्त्रीने आपल्या शहराविषयी फार थोडे लिहिले, कारण लिहायला लागणारी रिकामी घटका तिच्याच वाट्याला सर्वांत कमी आली.

आणि चौथी गोष्ट बहुतेकांच्या अनुभवाची. १५ ऑगस्ट २००३ रोजी बऱ्हाणपूर जिल्हा झाला. तोपर्यंत जिल्ह्याच्या कामासाठी खंडव्याची फेरी ठरलेली. एक सही आणायला पूर्ण दिवस जाई. पण त्या फेरीत लोक एकमेकांचे अर्ज वाचत, चुका दुरुस्त करत, आणि जाणकार कारकून फलाटावरच निम्मी कचेरी चालवी. जिल्हा झाला, सोय झाली, याचा सर्वांना आनंदच आहे. ती फलाटावरची कचेरी मात्र उठली, आणि ती कशी चालत असे हे सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत.

सभ्य श्रोतेहो, ही निरीक्षणे क्षुल्लक आहेत असे कोणी म्हणेल. लढाया, राजे, इमारती यांच्यापुढे ती क्षुल्लक दिसतात खरी. परंतु आपल्याच कुंडी भंडाऱ्याचे उदाहरण पाहा. १६१५ च्या सुमारास, खानखानान अब्दुर्रहीम येथे असताना, बांधलेली ही जलव्यवस्था. जमिनीवरून चालणाऱ्याला अंतराअंतरावर विहिरीसारखी तोंडे तेवढी दिसतात. अशी शंभराहून अधिक कुंडी आहेत. प्रत्येक कुंडी स्वतंत्र वाटते, पण खाली उतरल्यावर लक्षात येते की त्या सर्वांना जोडणारा एकच बोगदा आहे आणि सातपुड्याकडून झिरपणारे पाणी त्यातून वाहत शहराकडे येते. एका कारकुनाने पाहिलेला अंगठा, दुसऱ्याने ऐकलेली तार, तिसरीने मोजलेली नळाची वेळ या अशाच कुंड्या आहेत. त्या बुजू दिल्या तर वरून काहीच बिघडल्यासारखे दिसणार नाही. पाणी मात्र अडेल.

आणि बुजण्याची वेळ जवळ आली आहे, हे मी शताब्दीच्या आनंदसोहळ्यातही सांगितले पाहिजे. आपल्या घरांतील तिसरी पिढी मराठी बोलते; वाचते त्यांची संख्या कमी; लिहिते त्यांची त्याहून कमी. नोकरीनिमित्त मुले इंदूर, पुणे, बंगळूरकडे गेली. वडिलांच्या निधनानंतर कपाट आवरताना रोजनिशी सापडली आणि ती वाचता येणारे घरात कोणी नाही म्हणून रद्दीत गेली, असे प्रसंग आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. सरकारी दफ्तरात या माणसांच्या सह्या राहतील, कारण त्या दुसऱ्यांच्या कामाच्या आहेत. त्यांनी स्वतः काय पाहिले, याचा एकही कागद राहणार नाही. एका शहराच्या मराठी जीवनाचा पुरावा म्हणून उद्या केवळ आडनावे उरावीत, ही गोष्ट आपल्याला चालणार आहे काय?

म्हणून ग्रंथालयाच्या कार्यकारिणीपुढे मी एक साधी सूचना ठेवतो. दुसऱ्या शतकाच्या पहिल्या दिवसापासून, देवघेवीच्या वहीशेजारी आणखी एक वही ठेवावी. तिला ‘नगरनोंद’ म्हणा, अन्य कोणतेही नाव द्या. ज्या सभासदाला जे दिसले ते त्याने त्यात लिहावे. साहित्य लिहितो आहोत असे मानू नये. तारीख लिहावी, ठिकाण लिहावे, त्या दिवशीचा भाव ठाऊक असेल तर लिहावा, आणि ऐकलेला शब्द जसा ऐकला तसाच लिहावा, मग तो निमाडी असो, उर्दू असो की खानदेशी. कोणाच्या घरची गोष्ट चव्हाट्यावर येणार नाही एवढी काळजी घ्यावी. ज्यांना हात कापत असल्याने लिहिणे होत नाही त्यांच्याजवळ आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थी बसतील आणि ते सांगतील ते लिहून घेतील, ही जबाबदारी मी स्वतः घेतो. भ्रमणध्वनीवर आवाज साठवता येतो, तोही साठवावा. परंतु त्याची कागदावर उतरवलेली प्रत येथे असावी. घरोघरी पडलेल्या जुन्या रोजनिश्या, हिशेबाच्या वह्या, मोडी कागद रद्दीत देण्यापूर्वी एकदा ग्रंथपालांना दाखवावेत, अशी आश्रयदात्यांना आणि सभासदांना माझी हात जोडून विनंती आहे.

नेपानगरचा वृत्तपत्री कागदाचा कारखाना आपल्या उशाशी आहे. देशातल्या वर्तमानपत्रांनी त्या कागदावर जगाच्या बातम्या छापल्या. आपल्या वहीला त्या कागदाची चार दस्ते पाने पुष्कळ होतील. भीमसेनाला स्वतःच्या गावात ग्रंथालय नव्हते, म्हणून त्याचे लेखन सातासमुद्रापार जपले गेले. आपल्याला ते आहे, शंभर वर्षांपासून आहे. येथील नोकरदाराने आजवर या दारातून पुस्तके घरी नेली. आता त्याने, आणि तिनेही, जे पाहिले आहे ते येथे आणून द्यावे, आणि ग्रंथालयाने ते इतर पुस्तकांइतक्याच आदराने दाखलांक घालून कपाटात ठेवावे.

या ग्रंथालयाचे दुसरे शतक वाचकांच्या आणि लेखणी हाती घेणाऱ्या सभासदांच्या गर्दीचे जावो, अशी मन:पूर्वक सदिच्छा व्यक्त करतो.